कांताच्या निबंधाचं पहिलं वाक्य

"हेही नको," सुंदराबाई म्हणाली. "खोड."

कांतानं पेन आपटलं. सकाळपासून ही तिसरी सुरुवात. आई शिकलेली दुसरी इयत्ता, पण आव असा, की जणू परीक्षक हीच!

एक मेला महाराष्ट्राचं नवं राज्य होणार म्हणून लालबागच्या त्यांच्या चाळीच्या मंडळानं 'आमच्या वस्तीचा लढा' या विषयावर निबंध मागवले होते. पहिला येईल तो छापणार आणि चौकातल्या सभेत वाचणार. कांताला बक्षिसाचं काही नव्हतं. तिला आनंदादादाचं नाव छापून यायला हवं होतं. छप्पनच्या जानेवारीतल्या गोळीबारात गेलेला तिचा दादा. चारच वर्षांत लोक त्याला विसरायला लागले होते, याचा तिला भयंकर राग येई.

शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, "इतिहासाच्या निबंधाची प्रस्तावना नुसती फुगवू नकोस. कोण, कुठे, कधी, ते पहिल्या वाक्यात सांग. आणि खरं सांग."

"बरं, हे ऐक," कांता म्हणाली. "'मरतानाही आनंदाच्या ओठांवर घोषणा होती.'"

"तू होतीस तिथं? ओठ असायला चेहरा तरी राहिला होता का?"

कांता हट्टानं म्हणाली, "मग असं लिहिते. 'निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्यावरून आईनं त्याला इस्पितळात ओळखलं.' हे तर खरं ना?"

सुंदराबाई तांदळातले खडे वेचत राहिली.

"सांग ना गं!"

"ओळखलं सदऱ्यावरूनच. पण ते नको घालूस. गिरणीच्या दुकानात स्वस्त कापड आलं की सगळी चाळ तेच शिवायची. त्यात कसलं आलंय कौतुक?"

"तुला त्याचं काही वाटतच नाही!" कांताला रडू फुटलं. "त्याचं नाव निघालं की तोंड फिरवतेस. दगड आहेस नुसती!"

तिचा आवाज ऐकून शेजारची गंगुबाई दारात आली. तिचा रामू त्या दिवशी आनंदाबरोबरच मोर्च्याला गेला होता. गोळीबार सुरू होताच मित्राला टाकून पळाला, तो परत आलाच नाही, असं सगळी चाळ म्हणे. नळावर बायका गंगुबाईला टोमणे मारत. एकटी सुंदराबाई तिच्या बाजूनं भांडायची. घरात पहिली भाकरी भाजली की ती गंगुबाईकडे जायची. आईचा एवढाच मोठेपणा कांताला मनापासून आवडे.

"रडतस कित्याक गो बाय? लिव," गंगुबाई म्हणाली. "पयल्या ओळीत लिव तुझ्या दादाचा नाव. वाघ होतो तो. माझो मेलो भागूबाई निघालो." मग तिचा आवाज उतरला. "खंय असतलो, जेवता तरी काय, देवाक ठावक. सुंदरा, सभेक मी येव? मागे बसान. कोणाक दिसाचंय नाय."

सुंदराबाईनं सूप बाजूला ठेवलं. उठून ट्रंक उघडली. तळाशी हात घालून एक पाकीट काढलं आणि कांतासमोर धरलं.

"वाच. मोठ्यानं."

पाकिटावर मध्य प्रदेशातल्या नागद्याचा शिक्का होता, गेल्या आठवड्यातला. अक्षर बघताच कांतानं घाईनं पत्र बाहेर काढलं.

"'ती. आईस साष्टांग नमस्कार. आता आपलं राज्यही होतंय. आतातरी मी घरी येऊ का?'"

"रामूचा?" गंगुबाई धावत आत आली. "माझ्या रामूचा पत्र?"

"दादाचं आहे," कांता कशीबशी म्हणाली.

सुंदराबाईनं गंगुबाईचा हात घट्ट धरला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"कांते, पेन घे," ती म्हणाली. "लिही. 'छप्पनच्या जानेवारीत लालबागच्या नाक्यावर गोळी लागून मेला, तो गंगुबाईचा रामू.'"