डाव्या दारावरचं हँडल

“मोठा टर्बो टाका काका, एकदम रेसवाला!” दादा हरखून सांगत होता. शर्वाणीनं चमकून गाडीकडं पाहिलं. आत्ताच ही गाडी बाणासारखी सुटते, वर आणखी? पण आपण घाबरतो हे कळलं, तर दादा फिरायला नेणारच नाही. म्हणून तर दर वळणावर ती ओरडायची, “अजून जोरात!”

गॅरेजवाल्या काकांनी सवयीप्रमाणे आधी गाडी आतून चाचपली. डाव्या दारावरचं, धरून बसायचं हँडल हातात खुळखुळलं.

“नव्या गाडीत हे एवढं सैल? कोण लोंबकळतं रे इथं?”

दादानं वळून त्या बाजूला नेहमी बसणाऱ्या बहिणीकडं पाहिलं. “शहाणे, घाबरतेस तर बोलली का नाहीस?”

“तू नेलंच नसतंस मग.”

दादानं ते हँडल एकदा हलवून पाहिलं. “काका… आधी ब्रेक चांगले टाका.”

काकांनी हँडलचा स्क्रू आवळला. “टाकतो. पण हे पुन्हा सैल दिसलं, तर टर्बोचं नाव काढायचं नाही.”