शर्यतीआधीची चाचणी

मुळशीच्या नव्या, रिकाम्या रस्त्यावर साहिल शर्यतीची गाडी पळवून बघत होता. इंजिनाला जोर वाढवणारा टर्बो जोडला होता त्याच्या बायकोनं, रेश्मानं.

"टर्बो उशिरा धरतोय. एक काम धड येत न्हाई तुला," रस्त्याकडेला उभ्या रेश्माजवळ गाडी थांबवून उतरत तो म्हणाला आणि त्यानं पाना उचलून तिच्या तोंडावर मारला. रेश्मा रक्त थुंकली आणि तिनं वाकून टर्बोचा दाब वाढवला.

"आता मी पळवते. तुमी पुढं टायमिंग घ्यायला उभं ऱ्हावा."

गाडी साहिलच्या अंगाला चाटून गेली. इतकी जोरात ती कधीच पळाली नव्हती. खूश होऊन तो ती माघारी यायची वाट बघत राहिला.

रेश्मा थेट पौडच्या दवाखान्यात थांबली.

"परत पडलीस?" जखम पुसत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी कधीच पडले नव्हते, बाई. पोलिसांना फोन लावा."