गालावरचं कुंकू

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतजवळ खडी फोडायच्या कामावर नवा मुकादम आला आणि म्हाताऱ्या बायांना घरी धाडू लागला. हे कळलं तसं भागिरथीनं पहाटेच सासूला समोर बसवलं. दिव्याची काजळी एरंडेलात कालवून तिचे पांढरे केस काळे केले, लग्नातल्या पावडरच्या डब्याचा तळ खरवडून तिच्या सुरकुत्यांवर चोळला. मग बोटावर चिमूटभर कुंकू घेतलं.

साळूबाई मागं सरली. "अगं, रांडव बाईला कुंकू लावतीस व्हय?"

"कपाळाला कुठं लावतीय, आत्याबाई? गालाला लावतीय. जरा अंगात रगत दिसू द्या."

तेल एका डोक्यापुरतंच होतं. भागिरथीला तर आत्ता कुठं तिसावं लागलं होतं. चार महिने खडी फोडून केसांत बसलेली पांढरी धूळ तिनं हातानंच झटकली, आपल्या वाटणीची भाकरी पोरांसाठी झाकून ठेवली. सासूपुढं धरलेल्या आरशात स्वतः डोकवायची तिला गरजच वाटली नाही.

हजेरीच्या रांगेत दोघी शेवटी उभ्या राहिल्या. मुकादमानं साळूबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिचं नाव लिहून घेतलं. भागिरथीचा जीव भांड्यात पडला.

"मागच्या आजी, तुमी घरी जावा," मुकादम म्हणाला. "तुमाला न्हाई झेपायचं."



भागिरथीनं मागं वळून बघितलं. तिच्या मागं कुणीच नव्हतं.