मास्तरांची कंबर

पॅन्ट पुन्हा घट्ट झाली होती.

मास्तरांनी श्वास आत ओढला, पोटाला दम दिला आणि हुक लावायची आणखी एक खटपट केली. हुक आणि त्याचं घर यांचं जणू बोलणंच बंद होतं. काल दुपारीच तर त्यांनी ही कंबर स्वतःच्या हाताने सैल केली होती! गावभराच्या कंबरा मापणारा शिंपी स्वतःच्या कंबरेपुढे हात टेकून उभा राहिला.

सगळं सुरू झालं ते डॉक्टरांमुळे. शिलाई मशीनचं पायडल मारताना मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर मशीन सोडा. खाल्लेलं खर्च झालं नाही की अंगावर साठतं. औषध नंतर, आधी ताट बघा."

मशीन सोडायचं म्हणजे दुकानच सोडायचं. बायकोने त्याच दिवशी ताटावर पहारा बसवला. अर्धं ताट भाज्या, पाव ताट कडधान्यं किंवा अंडी, उरलेल्या कोपऱ्यात ओशाळल्यासारखा भात. तेल चमच्याने, साखर कुलपात. आणि रोज संध्याकाळी मास्तर घरी आले की ती त्यांच्या पॅन्टच्या कमरेत मूठ घालून बघायची. मूठ गेली तर शाबासकी. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी भातही गायब.

मूठ जाणार कुठून? दुकानाला खेटूनच बेकरी होती. दुपारी शटर अर्धं ओढलं की मास्तर आडोशाला बसून क्रीमरोल हाणायचे. "भूक मला लागते, डॉक्टरांना नाही," असं स्वतःलाच समजवायचे. शेवटी त्यांना युक्ती सुचली. शिंप्याने पोट कशाला कमी करायचं? पॅन्ट वाढवली की झालं! त्यांनी मागची शिवण उसवली आणि आतलं राखीव कापड थोडं सोडलं. संध्याकाळी बायकोची मूठ मनगटापर्यंत आत गेली.

"अगंबाई, उतरलं की हो!" ती हरखून म्हणाली.

मास्तर गालात हसले. ते हसू सकाळपर्यंतच टिकलं. सकाळी पॅन्ट घट्ट! त्यांनी दुपारी ती पुन्हा सैल केली, संध्याकाळी शाबासकी घेतली आणि सकाळी पुन्हा तेच. राखीव कापड संपलं, तेव्हा त्यांनी मागे पट्टी जोडली. एव्हाना दोन्ही खिसे सरकत सरकत पुढे आले होते. पोट वाढता वाढता त्यांनाही ओढून नेतंय, अशी मास्तरांची खात्री पटली.

आता मात्र त्यांनी धसका घेतला. क्रीमरोल बंद. दुपारभर ते मान खाली घालून उसवत बसायचे. बेकरीवाला शटरखालून वाकून विचारायचा, "मास्तर, माझं काही चुकलं का?" मास्तर नुसती मान हलवायचे. हवेनेसुद्धा फुगू, या भीतीने ते तोंडच उघडत नसत. संध्याकाळी घरी जातानाही ते लांबच्या रस्त्याने, ढांगा टाकत जायला लागले.

तपासणीच्या दिवशी ते काट्यावर डोळे मिटून चढले.

"कमाल केलीत मास्तर!" डॉक्टर म्हणाले. "चांगलंच उतरलंय. असंच चालू ठेवा, मशीन सोडायला नको."

मास्तरांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. बायको शेजारी शांतपणे उभी होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतही त्यांना धीर निघेना. क्रीमरोल, उसवण, पट्टी, सगळं त्यांनी कबूल करून टाकलं.

"पण अगं, वजन उतरत होतं, तर पॅन्ट रोज आवळत कशी होती?"

"शिंप्याच्या बायकोला कोरा दोरा ओळखू येत नाही होय?" ती पदर सावरत म्हणाली. "अहो, मागची शिवण उसवायला तुम्हाला दुपार लागायची. पुढचा हुक सरकवायला मला तुमची आंघोळ पुरायची."