बालीची फळी

“उभा नको धरू, आडवा धर,” समाधान म्हणाला आणि त्यानं फोन बायकोच्या हातात दिला.

उज्ज्वला मोसंबीच्या आळ्यांत पाचट पसरत होती. तशीच मातीच्या हातानं ती शेततळ्याच्या बांधावर आली होती. समाधानच्या अंगात पोपटांची चित्रं असलेली चड्डी, डोळ्यांवर काळा गॉगल, काखेत माणसाहून लांब पिवळी फळी. खाली तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कागदावर दोन पुरुष पाणी. शिरूर कासारच्या त्या अख्ख्या माळावर मे महिन्यात एवढंच पाणी उरलं होतं.

त्याच्या शेती-औषधांच्या दुकानातला आदिनाथ बुलेटच्या मागच्या दांडीला दोर बांधत होता. हा दोर शेततळ्याच्या कडेला खुंट्याला बांधलेला असायचा, माणूस घसरून आत पडला तर धरून वर यावा म्हणून. तो सोडून घेतला होता. आदिनाथनं बुलेट बांधावरून पळवायची आणि समाधाननं दोर धरून फळीवर उभं राहायचं, असं ठरलं होतं.

“बालीत बोटीनं वढतेत,” समाधान म्हणाला. “तेच हाय.”

बालीला त्याला औषधांच्या कंपनीनं नेलं होतं. जिथं एक फवारा पुरत होता तिथं शेतकऱ्याच्या गळ्यात तीन मारले, त्याचं ते बक्षीस. पाच दिवसांत हा गडी समुद्रात दोनदा उभा राहिला, पन्नासदा पडला आणि येताना फळी घेऊन आला. आता कंपनीनं ग्रुपवर टाकलं होतं की ज्याची रील सगळ्यात जास्त चालेल, तो पुढच्या टूरला व्हिएतनामला.

उज्ज्वलानं फळी उलटी करून बघितली. बुडाला वीतभर पातं होतं, माशाच्या परासारखं.

“हे काय हाय?”

“फिन. त्याच्याबिगर वळत न्हाई.”

“अहो, कागदाला लागंल हे.”

“न्हाई लागत. शिकून आलोय मी.”

समाधानचा बाप आप्पाराव चप्पल काढून बांधावर बसला होता. “ह्या कागदावर आमी अनवानी उतरतो, लेका,” तो म्हणाला. “शेरडाचं खूर लागू नये म्हनून चारी बाजूनं काटी लावलीय. चारशे झाडावर लिंबाएवढी फळं हायत. पावसापतुर हेच पानी पुरवायचंय. कावून खेळ मांडलाय?”

“आबा, मी काय पानी पिनार हाय का? वरून जानार, वरून येनार.”

आदिनाथ हसला. हसायला पाहिजे होतं म्हणून हसला.

बुलेट निघाली. समाधान फळीवर गुडघ्यावर बसला, मग अर्धा उठला, मग उभा राहिला. कोपरा आला. बुलेट वळली, समाधान वळला नाही. फळी बाजूच्या उतारावर जाऊन आदळली आणि बांधावर सगळ्यांना ऐकू आलं, टर्र.

दोर धरून तो खोकत वर आला. नाकातून पाणी गळत होतं.

“आलं का?”

“फाटलं,” उज्ज्वला म्हणाली.

“ते कळालं. मी उभा ऱ्हायलेलं आलं का?”

तिनं फोन त्याच्या ओल्या हातात कोंबला आणि ती मोटारीकडं पळाली. जमिनीत मुरण्यापेक्षा झाडांना तरी जाईल, एवढंच तिच्या डोक्यात. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

“लाईट रातच्या बाराला हाय,” आप्पाराव म्हणाला. “तवर बूड दिसंल.”

पाण्याखाली हातभर कागद फाटला होता. तिथून गढूळ बुडबुडे वर येत होते. आप्पारावनं डोक्याचा पटका सोडला, त्याची घडी केली. बैलाचं दावं कमरेला बांधलं. ते खुंट्यापर्यंत पुरेना, म्हणून दुसरं टोक सुनेच्या हातात दिलं. मग शेवाळलेल्या कागदावरून घसरत म्हातारा छातीएवढ्या पाण्यात गेला आणि फाटलेल्या जागेवर पटका दोन्ही हातांनी दाबून धरला. बुडबुडे कमी झाले. थांबले नाहीत.

समाधान गॉगल कपाळावर चढवून फोन बघत होता.

“चारच सेकंद उभा हाय मी,” तो म्हणाला. “आदिनाथ, फिरीव गाडी. फाटायचं ते फाटलंय. पानी उतरायच्या आत अजून एक मारू.”

“शेठ, आबा खाली हायत.”

“कोपऱ्यात हायत ना? मी कोपऱ्याच्या आधी सोडतो दोर.” मग तो खाली वाकून ओरडला, “आबा, तिथंच ऱ्हावा. फ्रेममधी येऊ नका.”

“लाज तिकडंच बुडवून आलात का?” उज्ज्वला म्हणाली.

“तू नको धरू. फोन ऱ्हातो दगडावर.”

दोन दगडांच्या खाचेत त्यानं फोन बसवला, वाकून बघितला, जरा तिरका केला. उज्ज्वलाच्या दोन्ही हातांत दावं होतं. सोडलं तर म्हातारा खाली. ती जागची हलू शकत नव्हती आणि हे समाधानला दिसत होतं.

आदिनाथनं एकदा तिच्याकडं पाहिलं. आदिनाथ पगारी माणूस. त्यानं किक मारली.

या खेपेला समाधान पडला नाही. कमरेत वाकून, हात पसरून, दात दाखवत तो एका सपाट्यात आला आणि कोपऱ्याच्या आधी त्यानं दोर सोडला, बोलल्याप्रमाणं. त्याच्या मागून उसळलेलं पाणी तेवढं थांबलं नाही. ते आप्पारावच्या तोंडावर आदळलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, ओठ आवळले. पाणी हनुवटीवरून निथळत राहिलं. त्याला तोंड पुसता येत नव्हतं. हात मोकळे नव्हते.