विहिरीमागचा ससा

"कुठं गेला ससा?" राक्षसानं गरजून विचारलं, आणि समोरच्या दोन-अडीचशे पोरांपैकी एकानंही हूं की चूं केलं नाही.

चौथ्या रांगेतले अनंतराव खुर्चीच्या कडेला सरकले. दिवाळीच्या सुट्टीतलं बालनाट्य, सकाळी अकराचा प्रयोग. सात वर्षांची नात ओवी मॉलमध्येच जायचं म्हणून अडून बसली होती. "मध्यंतरापर्यंत बघ. नाही आवडलं तर उठून मॉलमध्ये जाऊ," या बोलीवर ती आली होती. आणि याच नाटकातला हाच राक्षस अनंतरावांनी बावीस वर्षं केला होता. तेव्हा एवढं विचारायचा अवकाश, पोरं खुर्च्यांवर उभी राहून बिनदिक्कत खोटं बोलायची. बाहेर गेला, तिकडे गेला, पर्वतीवर गेला! मग राक्षसानं बावळटासारखं तिकडे पळायचं. ससा तर पुठ्ठ्याच्या विहिरीमागेच असायचा.

तो ससा म्हणजे आनंदी, त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. "राक्षसानं सगळीकडे बघायचं, फक्त विहिरीकडे बघायचं नाही," असं त्यांनी सकाळी रिक्षात ओवीला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. आजी कुठं लपायची, तेही सांगितलं होतं.

"मुलांनो, सांगा ना!" राक्षस आता जवळजवळ विनवणीवर आला.

ओवी ताडकन उभी राहिली. "विहिरीमागे आहे! आमच्या आजोबांना माहितीये!"

विहिरीमागून डोकावणारे दोन लांब कान झटकन खाली गेले. राक्षस बिचारा तरुण होता. खरं उत्तर मिळालं तर काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. ससा सापडला की नाटक तिथंच संपत होतं. तो आ वासून उभा राहिला. अनंतरावांनी कपाळाला हात लावला. हा घोळ त्यांनीच घातला होता.

मग त्यांना राहवेना. गुडघ्यावर हात टेकत ते उठले आणि जुना खर्जातला आवाज लावून ओरडले, "खोटं आहे ते! ससा कात्रजला गेला, सापांच्या बागेत!"

"अहो आजोबा, नाटक स्टेजवर चालू आहे," मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

पण कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "नाही, खडकीला गेला!" दुसरा म्हणाला, "येरवड्याला! जेलमध्ये!" आणि मग काय, सगळं थिएटर ओरडायला लागलं. राक्षसाच्या जिवात जीव आला. तो कात्रजला, म्हणजे डाव्या विंगेत, धावत सुटला. अनंतराव खाली बसले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. बावीस वर्षं खोटं ऐकून घेतलं, आज पहिल्यांदा स्वतः बोलले.

ओवी मात्र घुश्शात होती. "तुम्ही खोटं बोललात. मी खरं सांगत होते."

"राक्षसाला खरं सांगितलं तर तो घेऊन जातो, बाळा."

ओवी बराच वेळ विहिरीकडे बघत राहिली.

मध्यंतरात दोघं बाहेर बटाटेवडा खात उभी होती. मॉलचं नाव अनंतरावांनी मुद्दामच काढलं नाही. ओवीनंही काढलं नाही. तेवढ्यात शिंगं काखेत मारून राक्षस चहाला आला आणि ओवीला बघून थबकला.

"काय गं, तूच ना ती? सांग बरं, ससा कुठाय?"

ओवीनं तोंडातला घास गिळला, आजोबांकडे एकदा पाहिलं आणि फाटकाकडे बोट केलं. "गेला. मेट्रोनं."

राक्षस हसत हसत निघून गेला. तो पुरता दिसेनासा झाल्यावर ओवीनं अनंतरावांची बाही ओढून त्यांना खाली वाकवलं.

"आजी विहिरीमागेच आहे," ती कुजबुजली. "मी कोणाला सांगणार नाही."

तिसरी घंटा झाली. दोघं आपापल्या खुर्चीवर येऊन बसली, पडदा वर गेला. अनंतरावांनी सगळीकडे पाहिलं, फक्त विहिरीकडे पाहिलं नाही.