वरची पट्टी

अनंतरावांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि गुलाबरावांना दुःख झालं. खरंच झालं. पण दुःखाशेजारी एक फायदाही उभा होता आणि तो दिसू नये इतके गुलाबराव साधे नव्हते. रायपूरच्या रेल्वे कॉलनीत मराठी ख्रिस्ती घरांतून शनिवारची प्रार्थना फिरायची आणि तीस वर्षं गीत उचलायचे ते अनंतराव. तेही इतक्या वरच्या पट्टीत, की दुसऱ्या कडव्यापासून बाकीचे नुसते ओठ हलवायचे. आता गीत गुलाबराव उचलणार होते. आपल्या पट्टीत, आरामात.

पुढे एका शनिवारी प्रार्थना अनंतरावांच्याच घरी होती. रायपूर राजधानी होऊन दोन वर्षं झाली होती. शहरात माणसं येत होती. कॉलनीतली निम्मी मराठी घरं मात्र रिटायर होऊन नागपूरला परतली होती. एकेकाळी ओसरीपर्यंत चपलांचा ढीग व्हायचा, आता सतरंजीवर आठच माणसं.

"वहिनी, अनंतराव?"

"आतमध्ये," विनोदिनी म्हणाल्या. "तीन महिने झाले गुलाबभाऊ, चर्च नाही, बायबल नाही. पाटीवर लिहून देतात, देवानं माझं गाणं नेलं, आता काहून मागतो मले? आज बाहेर नाही आले ना, तर समजा कधीच नाही."

गुलाबरावांनी घसा खाकरला आणि उपकारस्तुतीचं गीत उचललं. खालच्या पट्टीत. यार्डातल्या मालगाडीसारखं गीत सावकाश सरकू लागलं. कोणाला काही त्रास नव्हता.

दुसऱ्या कडव्याला आतलं दार उघडलं. गळ्याला मफलर, कपाळाला आठ्या. अनंतरावांनी अंगठा वर केला.

"बाबूजी कह रहे हैं, ऊपर!" सून सोनिया म्हणाली.

गुलाबरावांनी पट्टी चढवली. अंगठा पुन्हा वर.

"अजून? घसा फाटून जाईन ना माझा!"

अंगठा खाली येईना. चौथ्या कडव्याला विनोदिनींचा आवाज फाटला आणि त्यांना हसू फुटलं, तीन महिन्यांतलं पहिलं. मग सगळेच हसत-खोकत गाऊ लागले. अनंतराव सतरंजीवर बसून मांडीवर ठेका धरत होते. ओठ शब्दाशब्दाला हलत होते.

गीतानंतर साक्ष. एकेकानं देवानं काय केलं ते सांगायचं. अनंतरावांची पाळी आली, तशी सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांनी पाटी ओढली. सोनियानं अडखळत वाचलं,

"तीस वर्षं माझाच आवाज ऐकला. आज तुमचा ऐकला."

गुलाबरावांना राहवलं नाही. "मग? कसा वाटला?"

अनंतरावांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "बेसूर. पण पुन्हा म्हणा. मले देवाचे उपकार मानायचे आहेत."

पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. सगळं वरच्या पट्टीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अनंतराव सगळ्यांच्या आधी चर्चला पोचले. गुलाबरावांनी सकाळी उठल्याबरोबर बायकोकडे मिठाचं कोमट पाणी मागितलं. तेही हाताच्या खुणेनं.